हलका लॅपटॉप : निवडण्यापासून बॅगेत ठेवण्यापर्यंत, क्रमानं

हलका लॅपटॉप घेऊन पस्तावलेलं एखादं तरी माणूस मला दर महिन्याला भेटतं. गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. आधी किंमत ठरली, मग रंग, मग दुकानदारानं सांगितलेला प्रोसेसर, आणि घरी आल्यावर कळलं की ऑफिसचा प्रिंटर चालत नाही, रॅम (चालू कामं धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी) वाढत नाही, किंवा पासवर्ड दुकानातल्या पोराच्या ईमेलवर आहे. यातलं निम्मं टाळता येतं. फक्त कामं खाली दिलेल्या क्रमानं करायची, मधला टप्पा गाळायचा नाही.

इथे 'हलका' म्हणजे १३ ते १४ इंची पडद्याचा, साधारण १ ते १.४ किलोचा लॅपटॉप. गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी हा लेख सोडून द्यावा. त्यांचं दुखणं वेगळं आहे.

टप्पा १ : दुकानाआधी किराणा

स्वयंपाकघरातून एक किलो साखरेचं पाकीट आणि अर्धा किलो तूरडाळ घ्या, जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि रोजच्या बॅगेत टाका. डबा, पाण्याची बाटली, छत्री नेहमीसारखी असू द्या. तसेच दोन दिवस कामावर जाऊन या. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलनं जाणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी उत्तर मिळतं. हे दीड किलो म्हणजे सव्वा किलोचा लॅपटॉप अधिक चार्जर. जाहिरातीत चार्जरचं वजन कुणी सांगत नाही. ते २०० ते ४०० ग्रॅम असतं.

वजन जाणवलंच नाही, तर १.६ किलोचं मॉडेलही चालेल. त्यात पोर्ट जास्त मिळतात आणि बरेचदा पैसेही कमी लागतात. खांदा भरून आला, तर हलक्यासाठी जास्त पैसे मोजायला तुमच्याकडे कारण आहे. निव्वळ 'हातात छान वाटतो' यासाठी मोजू नका.

मग एका कागदावर तीन गोष्टी लिहा. कोणती सॉफ्टवेअर लागतात, कोणती यंत्रं जोडावी लागतात, आणि वीज न मिळता सलग किती तास बसावं लागतं. दुसरी यादी लोक हमखास विसरतात. हिशेबाचं टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी, ई-निविदांसाठीचं डिजिटल सहीचं टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, दहा वर्षांचा जुना प्रिंटर, यांतलं काहीही यादीत असेल तर इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर चालणारा विंडोज लॅपटॉपच घ्या.

सावधान : स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके असतात, बॅटरीही खूप टिकते. पण त्यांना यंत्रांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारे छोटे प्रोग्राम, त्या प्रोसेसरसाठी खास बनवलेले लागतात. नेहमीची सॉफ्टवेअर रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. जुनं टोकन किंवा स्कॅनर इथेच अडतो. क्रोमबुकवर टॅली थेट बसत नाही. मॅकबुक एअर लिहिण्या-वाचण्याला आणि ब्राउझरमधल्या कामाला उत्तम, पण 'फक्त विंडोज' असं लिहिलेलं एकही सॉफ्टवेअर यादीत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

टप्पा २ : कागदावरची चाळणी

हलक्या लॅपटॉपचा एक स्वभाव ध्यानात ठेवा : आतली जागा इतकी कमी असते की बरेच भाग बोर्डावर कायमचे जोडलेले असतात. आज घेतलं ते शेवटपर्यंत तसंच राहणार. म्हणून चाळणी लावायची ती नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टींपासून.

रॅम पहिली. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा सोल्डर केलेली असते. 'आत्ता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू' हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं आणि पुढे काहीच वाढत नाही. विंडोजला ८ जीबी पुरते, पण ब्राउझरचे वीस टॅब, एक व्हिडिओ मीटिंग आणि एक्सेलची मोठी फाइल एकत्र आली की धाप लागते. १६ जीबीच घ्या. बजेट बसत नसेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, रॅमवर तडजोड नको. काही मॉडेलांत ८ जीबी जोडलेली आणि एक खाच मोकळी असते. ते तोंडी न मानता तपासून घ्या, कसं ते तिसऱ्या टप्प्यात आहे.

प्रोसेसरच्या नावात फसवणूक नसते, पण चकवा असतो. एएमडीच्या २०२३ सालापासूनच्या चार आकडी नावात पहिला आकडा विक्रीचं वर्ष दाखवतो आणि तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. पण पहिल्याच्या आत झेन २ ही २०१९ सालची रचना आहे, दुसऱ्यात झेन ३. त्याच मालिकेतला ७६४०यू झेन ४ चा. म्हणून 'सात हजार सीरिज आहे, एकदम नवीन' असं कुणी म्हणालं की तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवा. इंटेलच्या कोअर आय५ १३३५यू या नावात पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे तेरावी. शेवटचा 'यू' कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपला साजेसा. त्या जागी 'एच' असेल तर ताकद जास्त, उष्णता जास्त, बॅटरी कमी. एन१०० हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर टायपिंग आणि ईमेलला पुरतो, त्याच्याकडून याहून जास्त मागू नका.

साठवण एसएसडीच, म्हणजे चिपवरची वेगवान डिस्कच हवी, ५१२ जीबी. अगदी स्वस्त, छोट्या मॉडेलांत ईएमएमसी नावाचा संथ प्रकार असतो, बरेचदा ६४ जीबीचा. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी आहे, म्हणजे घरात शिरतानाच घर भरलेलं. आणि हो, ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या.

बॅटरीचे तास वाचू नका, वॉट-तास वाचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि साध्या कामाला सरासरी ८ वॉट खाणारा लॅपटॉप, म्हणजे सहा तास. जाहिरातीतले 'अठरा तास' हे उजेड कमी करून व्हिडिओ लावून ठेवलेल्या लॅपटॉपचे असतात. ४० च्या खालची बॅटरी दिवसभर फिरणाऱ्यानं घेऊ नये.

पडद्यात लांबी-रुंदीचं १६:१० प्रमाण बघा, १६:९ पेक्षा पानाच्या तीन-चार ओळी जास्त दिसतात. उजेड ३०० निट्सच्या पुढे हवा. २५० चा पडदा खिडकीशेजारी बसलात की आरसा होतो.

राहिले पोर्ट. यूएसबी-सीची खाच दिसली म्हणजे तिच्यातून चार्जिंग होईलच असं नाही. 'पॉवर डिलिव्हरी' असा उल्लेख तपशिलात शोधा. कॉलेजच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय लागतं, डिजिटल सहीच्या टोकनाला जुनी चौकोनी यूएसबी. लॅपटॉपला ही दोन्ही असतील तर लटकन्या अडॅप्टर घेऊन हिंडावं लागत नाही.

तपासा : कागदावर आता दोनच मॉडेलं उरली आहेत का? चार असतील तर अजून दुकानात जाऊ नका.

टप्पा ३ : दुकानात दहा मिनिटं

उभ्यानं नाही, टेबलावर ठेवून, बसून बघा. एक परिच्छेद टाइप करा. हलक्या लॅपटॉपचा कीबोर्ड मधोमध दाबला की थोडा दबतो. फार दबत असेल तर सोडा. बाणाच्या कळा अर्ध्या आकाराच्या आहेत का आणि पॉवरचं बटण डिलीटला चिकटून आहे का, ते बघा, नाहीतर रोज चिडचिड होईल.

मग टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे. 'स्लॉट्स यूज्ड' समोर किती खाचा दिसतात ते वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या त्याच मॉडेलच्या तपशिलाशी ताडून बघा. तुम्हाला हे करताना बघून विक्रेत्याला जरा वाईट वाटतं. वाटू द्या.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल नंबर छापून घ्या. व्यवसायासाठी घेत असाल तर स्वतःचा जीएसटी क्रमांक बिल बनण्याआधीच सांगा. नंतर बदलून मिळवणं म्हणजे चपला झिजवणं.

टप्पा ४ : खोकं उघडताना

ऑनलाइन मागवला असेल तर खोक्याच्या पट्ट्या कापण्यापासून लॅपटॉप चालू होईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ तक्रारीत कमकुवत पडतो.

खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे का बघा. मग तो कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर बिल दाखवून ती तारीख आधी दुरुस्त करून घ्या आणि लॅपटॉप आधी कुणी वापरलेला नाही ना, हेही विचारा.

चालू झाल्यावर पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं आणि निळं अशी पाच चित्रं पडदाभर लावून मेलेले ठिपके शोधा. प्रत्येक कळ, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, दोन्ही स्पीकर तपासा. परतीची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते, 'रविवारी निवांत बघू' म्हणालात की ती गेली. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

टप्पा ५ : पहिल्यांदा चालू करायचा तो तुम्हीच

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि हाच सगळे दुसऱ्यावर सोपवतात.

आमच्या शेजारच्या काकूंनी मुलासाठी लॅपटॉप घेतला. दुकानातल्या मुलानं 'सगळं सेट करून देतो' म्हणत पाऊण तासात हातात दिला. काकू खूश. साताठ महिन्यांनी एका अपडेटनंतर लॅपटॉप सुरू करताना निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. काकू तो घेऊन माझ्याकडे आल्या. "अरे, यात त्याचा कॉलेजचा अख्खा प्रोजेक्ट आहे रे." विंडोजनं पहिल्याच दिवशी डिस्क कुलूपबंद केली होती आणि किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जपून ठेवली होती. खातं होतं दुकानातल्या मुलाचं. तो नोकरी सोडून गेला होता आणि ते खातं त्यानं किती गिऱ्हाइकांना वापरलं होतं, देव जाणे. शेवटी डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकलं. प्रोजेक्ट गेला, शाळेच्या निरोप समारंभाचे फोटोही गेले.

हे कुलूप वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच तुमची कागदपत्रं वाचवतं. फक्त किल्ली तुमच्याकडे हवी. म्हणून क्रम असा :

१. दुकानात चालू करून दाखवायला हरकत नाही, पण खातं विचारणाऱ्या पडद्यावर थांबा. पुढचं घरी.

२. स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं आधीच मोबाइलवर तयार ठेवा. मोबाइल क्रमांक स्वतःचा जोडा. विंडोज तुमच्या फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून ठेवतं, तेव्हा 'क्यूटबॉय'सारखा शाळेतला ईमेल वापरायचा मोह टाळा. ते नाव नंतर सहजी बदलत नाही.

३. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळालं असेल तर त्याच खात्यानं लगेच सक्रिय करा. त्याला मुदत असते आणि ते त्या खात्याला कायमचं बांधलं जातं.

४. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावरून रिकव्हरी की काढा, ४८ आकडे कागदावर छापा आणि विम्याच्या फाइलीत ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नका. हसू नका, लोक ठेवतात.

५. मग अपडेट, सगळी, चार्जर लावून. घरी वायफाय नसेल आणि मोबाइलचा हॉटस्पॉट असेल, तर त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल. पहिली मोठी अपडेट मात्र कुणाच्या तरी वायफायवर उरकून घ्या.

तपासा : लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि फक्त तुम्हालाच माहीत असलेल्या पिननं उघडला. कागदावर ४८ आकडे आहेत. मगच पुढे.

टप्पा ६ : मराठी लिहिण्याची सोय

फॉन्ट शोधत बसू नका. विंडोजमध्ये मराठी आधीपासून आहे. टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रिजन, ॲड अ लँग्वेज, मराठी. दोन प्रकारचे कीबोर्ड मिळतात : इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी, आणि फोनेटिक. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर फोनेटिक. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर दोन आठवडे त्रास काढून इन्स्क्रिप्ट शिका, बोटं नंतर दुवा देतात. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

इन्स्क्रिप्टवर अडखळायला होतं ते एकाच जागी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात साधा र, जे या कळेवर. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ, शिफ्ट धरून जे. 'कऱ्हाड' लिहायचं तर के, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि चौकोनी कंसाची डावी कळ. हे न कळल्यामुळे लोक 'कर्‍हाड' कुठूनतरी चिकटवतात आणि शोधताना तो शब्द सापडत नाही, कारण दिसायला सारखा असला तरी आतून वेगळा असतो. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.

सावधान : जुन्या ऑफिसातून आलेली फाइल उघडल्यावर चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसली तर लॅपटॉप बिघडलेला नाही. ती कृतिदेव, शिवाजी अशा, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या बाहेरच्या फॉन्टमध्ये आहे. तिचं युनिकोडात रूपांतर करा. तोच फॉन्ट टाकून नवं काम पुढे चालू ठेवू नका.

टप्पा ७ : बॅटरी आणि चार्जर

लिथियम-आयन बॅटरीला १०० टक्क्यांवर तासन्‌तास ठेवणं आणि उष्णता, दोन्ही नकोसं. दिवसभर टेबलावर चार्जर लावून काम करत असाल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये तिला कॉन्झर्व्हेशन मोड म्हणतात, एसुसच्या मायएसुसमध्येही सोय आहे, काही कंपन्यांत ती बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, सापडते. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढा. 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा' हा जुन्या बॅटऱ्यांचा सल्ला आता कामाचा नाही.

सहा महिन्यांतून एकदा बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवर आणि सीएफजी जोडून लिहायचं, मग मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ, आणि लगेच बॅटरी-रिपोर्ट हे दोन शब्द जोडून. तयार होणाऱ्या फाइलीत 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे ताडून बघा. वॉरंटीतच दुसरा आकडा फार घसरला तर तक्रार करता येते. जुना लॅपटॉप विकत घेतानाही पैसे देण्याआधी हाच अहवाल मागा.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंगचा प्रश्न असतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसू नका. तीन पिनांच्या सॉकेटमध्येही तसंच होत असेल तर लॅपटॉप दुकानात नेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

टप्पा ८ : बॅगेत

लॅपटॉप नुसता मिटला की तो झोपतो, बंद होत नाही. आजचे पातळ लॅपटॉप झोपेतही नेटवर्कशी बोलत राहतात, कधीकधी बॅगेतच जागे होतात आणि गरम होतात. ऑफिसात पोचल्यावर बॅग कोमट आणि बॅटरी निम्मी, ही तक्रार याचीच. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरची 'करंटली अनअव्हेलेबल' असलेली ओळ दाबून हायबरनेट चालू करा. झाकण मिटल्यावर हायबरनेट असं ठरवून टाका. काम जिथल्या तिथे राहतं आणि वीज पूर्ण बंद होते.

पडद्याची बाजू पाठीकडे, आणि त्या कप्प्यात दुसरं काही नाही. चार्जरची गाठोडी पडद्यावर टेकली की गर्दीत दाब बरोबर तिथेच येतो. मिटण्याआधी कीबोर्डवर इअरफोन, पेन, कागदाची पिन राहिली नाही ना, हे तळहात फिरवून बघा. कॅमेऱ्यावरचं जाड प्लॅस्टिकचं झाकणही या पातळ पडद्यांना तडा देऊ शकतं. झाकण उघडताना वरच्या काठाच्या मधोमध धरा, कोपऱ्याला धरून उघडलं की बिजागरी एका बाजूनं सैल होते.

पाण्याची बाटली नेहमी बाहेरच्या खिशात. पावसाळ्यात बॅगेला कव्हर असलं तरी आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, आणि भिजून घरी आलात तर लॅपटॉप बाहेर काढून पंख्याखाली ठेवल्याशिवाय चालू करू नका. कोकणातल्या दमट घरात तो आठवडाभर कपाटात पडणार असेल, तर निम्म्या चार्जवर, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. गोधडीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, हवेची भोकं बहुतेकदा खालीच असतात.

पॉवर बँक घ्यायची तर ४५ वॉट किंवा जास्त पॉवर डिलिव्हरी देणारी. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-तास असतात. वाटेतली गळती धरली तर ५० वॉट-तासांचा लॅपटॉप साधारण एकदा भरतो. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक नेता येते, पण हातातल्या सामानातच. चेक-इन केलेल्या बॅगेत सापडली तर विमानतळावर तुमच्या नावाचा पुकारा होतो आणि बॅग उघडून ती काढावी लागते.